अमर गणिती गाल्वा

मुलांनो, बीजगणिताच्या तासाला तुम्ही समीकरणे सोडवता. अज्ञात संख्येला क्ष मानायचे, दिलेल्या माहितीवरून समीकरण मांडायचे आणि क्ष ची किंमत काढायची, ही रीत तुमच्या परिचयाची आहे. या विषयाला तुम्ही उर्दूत अलजब्रा म्हणता. हा शब्द मूळचा अरबी आहे. नवव्या शतकात बगदाद शहरात अल्-ख्वारिझ्मी नावाचे थोर विद्वान होऊन गेले. समीकरणांवरील त्यांच्या ग्रंथाच्या नावात अल्-जब्र हा शब्द होता. त्याच शब्दावरून युरोपातील भाषांमध्ये या शास्त्राचे नाव रूढ झाले.

अल्-ख्वारिझ्मी यांनी वर्गसमीकरणे सोडवण्याच्या रीती नीट समजावून सांगितल्या. त्यांच्यानंतर इराणमधील उमर खय्याम यांनी घनसमीकरणांचा अभ्यास केला. कवी म्हणून तुम्हांला त्यांचे नाव माहीत असेल, पण ते मोठे गणितीही होते. त्यांनी वक्ररेषांच्या साहाय्याने ही समीकरणे सोडवली. पुढे इटलीतील गणितज्ञांनी तिसऱ्या आणि चौथ्या घाताच्या समीकरणांसाठी सूत्रे शोधली. कार्दानो यांच्या १५४५ सालच्या ग्रंथात ती छापली गेली. साहजिकच पुढचा प्रश्न आला. क्ष चा पाचवा घात असलेल्या समीकरणाचे सूत्र कोणते? जवळजवळ तीनशे वर्षे मोठमोठे गणितज्ञ या प्रश्नाशी झुंजत राहिले. त्याचे पूर्ण उत्तर एका शाळकरी मुलाने शोधायला घेतले. त्याचे नाव एव्हारीस्त गाल्वा. तो जेमतेम वीस वर्षे आणि सात महिने जगला. त्याचीच ही कहाणी आहे.

फ्रान्सची राजधानी पॅरिस. तिच्याजवळ बूर-ला-रेन नावाचे एक गाव आहे. तेथे २५ ऑक्टोबर १८११ रोजी एव्हारीस्तचा जन्म झाला. त्याचे वडील निकोला-गाब्रिएल हे पुढे त्या गावाचे नगराध्यक्ष झाले. ते स्वभावाने मोकळे आणि स्वातंत्र्याचे कैवारी होते. आई आदेलाईद-मारी ही सुशिक्षित स्त्री होती. एव्हारीस्त बारा वर्षांचा होईपर्यंत तिनेच त्याला घरी शिकवले. लॅटिन आणि ग्रीक या भाषांचे धडे त्याने आईकडूनच घेतले. त्याला एक थोरली बहीण आणि आल्फ्रेद नावाचा धाकटा भाऊ होता.

१८२३ साली एव्हारीस्त पॅरिसमधील लुई-ल-ग्रां या प्रसिद्ध विद्यालयात दाखल झाला. तेथील शिस्त फार कडक होती. सुरुवातीला त्याने बक्षिसे मिळवली, पण पुढे त्याचे मन अभ्यासात रमेना. अखेर त्याला एका वर्गात पुन्हा बसावे लागले. मात्र याच वेळी एक चांगली गोष्ट घडली. १८२७ साली तो गणिताच्या वर्गाला बसू लागला. लझांद्र यांचे भूमितीचे पुस्तक त्याच्या हाती पडले आणि तो त्यात बुडून गेला. मग त्याने लाग्रांझ यांचे लेखन वाचायला घेतले. हे लेखन मोठ्या गणितज्ञांसाठी होते, शाळकरी मुलांसाठी नव्हते. पण या मुलाला त्यात गोडी वाटली. आता त्याला गणितावाचून दुसरे काही सुचेना.

त्या काळी फ्रान्समध्ये गणिताच्या शिक्षणासाठी एकोल पॉलितेक्निक ही सर्वांत नावाजलेली संस्था होती. १८२८ साली गाल्वाने पुरेशी तयारी न करताच तिची प्रवेशपरीक्षा दिली. त्यात तो नापास झाला. मग तो लुई रिशार नावाच्या शिक्षकांच्या वर्गात आला. रिशार यांनी त्याची बुद्धी ओळखली आणि त्याला उत्तेजन दिले. त्याने वर्गात सोडवलेली गणिते त्यांनी फेकून दिली नाहीत, जपून ठेवली. पुढे त्यांनी ती आपल्या दुसऱ्या एका हुशार विद्यार्थ्याकडे सोपवली. हा विद्यार्थी म्हणजे पुढचे मोठे गणिती शार्ल एर्मीत. एप्रिल १८२९ मध्ये गाल्वाचा पहिला लेख एका गणितविषयक नियतकालिकात छापून आला. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.

आता गाल्वाने कोणता प्रश्न हाती घेतला ते पाहू. क्ष चा पाचवा घात ३२ आहे, असे समीकरण तुम्हांला दिले, तर क्ष म्हणजे २ हे तुम्ही लगेच सांगाल. म्हणजे पाचव्या घाताची काही समीकरणे सहज सुटतात. पण क्ष च्या पाचव्या घातातून आधी क्ष आणि मग १ वजा केल्यावर शून्य उरते, असे समीकरण घ्या. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि मुळे काढणे एवढीच साधने वापरली, तर त्याचे उत्तर मांडताच येत नाही. पाचव्या घाताच्या सर्व समीकरणांना लागू पडेल असे एकच सूत्र असू शकत नाही, हे नॉर्वेचे तरुण गणिती आबेल यांनी १८२४ साली सिद्ध केले होते. मग कोणते समीकरण सुटते आणि कोणते सुटत नाही, हे ओळखायचे कसे? गाल्वाचा प्रश्न हा होता.

त्याची युक्ती समजण्यासाठी एक खेळ करून पाहा. तीन खुर्च्यांवर तीन मुले बसवा. मुलांनी जागा बदलण्याचे एकूण ६ प्रकार होतात. कोणीही न हलणे हाही त्यांतला एक प्रकार धरायचा. एका अदलाबदलीनंतर दुसरी केली, तरी त्या सहांपैकीच एक प्रकार मिळतो. शिवाय केलेली अदलाबदल उलट करून पूर्वीसारखे बसता येते. अशा अदलाबदलींच्या संचाला गणितात गट म्हणतात. चार मुले असतील तर २४ प्रकार होतात आणि पाच मुले असतील तर १२०.

गाल्वाने मुलांच्या जागी समीकरणाची उत्तरे घेतली. त्याने प्रत्येक समीकरणाला असा एक गट जोडून दिला. मग तो गट पायरीपायरीने लहान करता येतो का, ते पाहिले. तिघांचा गट ६ वरून ३ वर आणि ३ वरून १ वर उतरतो. चौघांचा गट २४, १२, ४, २, १ असा उतरतो. प्रत्येक पायरीवर २ किंवा ३ यांसारख्या मूळ संख्येनेच भाग जातो. म्हणूनच तिसऱ्या आणि चौथ्या घाताला सूत्रे आहेत. पाच जणांचा गट १२० वरून ६० वर येतो. पण हा ६० चा गट इतका घट्ट बांधलेला आहे की, पुढे त्याची फोड होत नाही. जणू जिन्याच्या पायऱ्या तेथेच संपतात. ज्या समीकरणाचा गट शेवटपर्यंत उतरतो ते सुटते, ज्याचा मध्येच अडतो ते सुटत नाही. तीनशे वर्षांच्या कोड्याचे हे उत्तर होते.

गाल्वाने हे संशोधन १८२९ च्या मे आणि जून महिन्यांत फ्रान्सच्या विज्ञान अकादमीकडे पाठवले. ते कोशी या नामवंत गणितज्ञांकडे परीक्षणासाठी गेले. पण त्यावरचा अहवाल अकादमीसमोर कधीच आला नाही. त्याच वर्षी गाल्वाच्या घरावर मोठा आघात झाला. गावातील राजकारणात विरोधकांनी त्याच्या वडिलांच्या नावाने खोटी, टिंगलीची कवने पसरवली. या बदनामीने ते खचून गेले आणि २ जुलै १८२९ रोजी त्यांनी आत्महत्या केली. त्या दुःखातच गाल्वाने पॉलितेक्निकची परीक्षा दुसऱ्यांदा दिली. तो पुन्हा नापास झाला. तिसरी संधी मिळणार नव्हती. शेवटी शिक्षक तयार करणाऱ्या दुसऱ्या एका संस्थेत त्याने प्रवेश घेतला.

फेब्रुवारी १८३० मध्ये त्याने अकादमीच्या मोठ्या पारितोषिकासाठी आपला प्रबंध पुन्हा पाठवला. अकादमीचे चिटणीस फूर्ये यांनी तो घरी नेला. पण मे महिन्यात फूर्ये यांचा मृत्यू झाला आणि त्यांच्या कागदांत प्रबंध सापडला नाही. दोनदा पाठवलेले काम दोन्ही वेळा वाया गेले. अठरा वर्षांच्या मुलाच्या मनाला काय वाटले असेल, याची तुम्ही कल्पना करू शकता.

तरीही त्या वर्षी त्याचे तीन लेख छापून आले. त्यांतल्या एका लेखाची ओळख तुम्ही करून घेतलीच पाहिजे. त्यासाठी पाच तासांचे एक घड्याळ डोळ्यांपुढे आणा. त्यावर ०, १, २, ३ आणि ४ एवढेच आकडे आहेत. ३ मध्ये ४ मिळवले की काटा फिरून २ वर येतो. २ ला ३ ने गुणले की काटा १ वर येतो. या घड्याळावर बेरीज, वजाबाकी, गुणाकार तर होतातच, शून्य सोडून कोणत्याही आकड्याने भागाकारही करता येतो. पण सहा तासांचे घड्याळ घेतले तर २ गुणिले ३ बरोबर शून्य होते आणि भागाकार बिघडतो. ५ ही मूळ संख्या आहे, ६ नाही, म्हणून हा फरक पडतो. ज्यांत मोजकेच आकडे आहेत, तरीही चारही क्रिया बिनचूक होतात, अशा संख्यांच्या आणखी पद्धती गाल्वाने तयार केल्या. त्यांत ४, ८, ९, २५ असे मूळ संख्येच्या घाताएवढे आकडे असतात. त्यांना आज गाल्वा क्षेत्रे म्हणतात.

जुलै १८३० मध्ये पॅरिसमध्ये क्रांती झाली. राजा दहावा चार्ल्स याला सिंहासन सोडावे लागले. गाल्वा प्रजासत्ताकाचा कट्टर पुरस्कर्ता होता. त्याला रस्त्यावर उतरायचे होते. पण संस्थेच्या संचालकांनी विद्यार्थ्यांना आत कोंडून ठेवले. पुढे गाल्वाने त्यांच्यावर टीका करणारे पत्र वृत्तपत्रात प्रसिद्ध केले. त्यामुळे त्याला संस्थेतून काढून टाकण्यात आले. जानेवारी १८३१ मध्ये प्वासाँ या गणितज्ञांच्या सूचनेवरून त्याने आपला प्रबंध तिसऱ्यांदा अकादमीला सादर केला.

पण त्याचा तापट स्वभाव त्याला स्वस्थ बसू देईना. मे महिन्यात एका मेजवानीत त्याने हातात उघडा सुरा घेऊन नवा राजा लुई-फिलीप याचे नाव उच्चारले. ही राजाला दिलेली धमकीच आहे, असे मानून त्याला अटक झाली. त्या खटल्यातून तो सुटला. पुढे १४ जुलै १८३१ रोजी बंदी घातलेल्या तुकडीचा गणवेश घालून आणि शस्त्रे घेऊन तो रस्त्यावर आला. या वेळी मात्र त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. तो तुरुंगात असतानाच अकादमीचा निर्णय कळला. प्रबंधातील विवेचन पुरेसे स्पष्ट नाही, म्हणून त्याविषयी मत देता येत नाही, असा अभिप्राय प्वासाँ यांनी दिला होता. गाल्वाला फार राग आला. पण मुलांनो, दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. गाल्वाचा विचार खरा होता, यात शंका नाही. मात्र तो अगदी थोडक्यात लिहीत असे. मधल्या पायऱ्या त्याला इतक्या सोप्या वाटत की, तो त्या गाळून टाकी. वाचणाऱ्याला मात्र त्या पायऱ्यांवाचून पुढे जाता येत नसे.

१८३२ साली पॅरिसमध्ये पटकीची साथ आली. मार्च महिन्यात गाल्वाला तुरुंगातून एका शुश्रूषागृहात हलवले गेले. एप्रिलच्या अखेरीस तो सुटला. पण महिना जातो न जातो तोच एका व्यक्तिगत भांडणातून त्याला द्वंद्वयुद्धाचे आव्हान आले. त्या काळी युरोपात मानापमानाच्या प्रश्नावरून लोक पिस्तुले घेऊन एकमेकांसमोर उभे राहत. ही घातक प्रथा होती. गाल्वाने आव्हान स्वीकारले.

२९ मे १८३२ च्या रात्री तो दिवा लावून लिहीत बसला. आपण वाचणार नाही, असे त्याला वाटत होते. त्याने आपला मित्र ऑग्युस्त शव्हाल्ये याला एक लांबलचक पत्र लिहिले आणि त्यात आपल्या संशोधनाचा सारांश दिला. जुन्या प्रबंधावरही त्याने हात फिरवला. एका ठिकाणी समासात त्याने नोंद केली की, येथे काही भाग पूर्ण करायचा आहे, पण वेळ उरलेला नाही. गाल्वाने सारे गणित त्या एका रात्रीत शोधले, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही. तीन वर्षांच्या मेहनतीचे काम त्याच्याजवळ तयार होते. त्या रात्री त्याने ते हरवू नये अशी व्यवस्था केली.

या पत्रात मोजणीचा एक सुंदर नियम आहे. तो एका उदाहरणाने पाहू. तीन तासांच्या घड्याळावरचे दोन-दोन आकडे घेऊन जोड्या केल्या, तर ९ जोड्या होतात. या जोड्यांची अदलाबदल करायची, पण बेरजेचे नियम मोडायचे नाहीत. मग १ आणि ० ही जोडी कोठे जाते व ० आणि १ ही जोडी कोठे जाते एवढेच ठरवायचे. बाकीच्या जोड्यांच्या जागा बेरजेने आपोआप ठरतात. पहिल्या जोडीला ० आणि ० सोडून ८ जागा मोकळ्या असतात. दुसऱ्या जोडीला पहिलीच्या पटीतल्या ३ जागा सोडून ६ जागा उरतात. म्हणून अशा अदलाबदली ८ गुणिले ६, म्हणजे ४८ होतात. शिवाय सर्व जोड्या एकाच अंतराने सरकवता येतात, त्याचे ९ प्रकार आहेत. ते धरले तर संख्या ४३२ होते. कोणतीही मूळ संख्या आणि कितीही आकड्यांचे समूह घेतले तरी लागू पडेल असा हा नियम गाल्वाने आपल्या पत्रात लिहून ठेवला. ४८ अदलाबदलींच्या या गटासारख्या गटांना आज रेषीय गट म्हणतात.

३० मे च्या सकाळी गाल्वाच्या पोटात गोळी लागली. जखमी अवस्थेत त्याला रुग्णालयात नेण्यात आले. धाकटा भाऊ आल्फ्रेद धावत आला आणि रडू लागला. गाल्वानेच त्याची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी, ३१ मे १८३२ रोजी, त्याने प्राण सोडला. पॅरिसमधील मोंपार्नास दफनभूमीत सार्वजनिक जागेत त्याचे दफन झाले. त्याच्या कबरीची खूणही आज उरलेली नाही.

पण गोष्ट येथे संपली नाही. गाल्वाने पत्रात मित्राला एक विनंती केली होती. गाउस आणि याकोबी या जर्मन गणितज्ञांना या संशोधनाच्या महत्त्वाविषयी जाहीरपणे विचारावे, अशी ती विनंती होती. शव्हाल्येने ते पत्र त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये छापून आणले. तो आणि आल्फ्रेद यांनी गाल्वाचे कागद गोळा केले आणि त्यांच्या प्रती हाताने लिहून काढल्या. दोघेही गणितज्ञ नव्हते. आपण जे लिहीत आहोत ते त्यांना समजतही नसेल. तरीही एक अक्षर वाया जाऊ नये म्हणून त्यांनी कष्ट घेतले. अखेर हे कागद ल्यूव्हील नावाच्या गणितज्ञांकडे पोचले. त्यांनी धीराने एकेक ओळ वाचली आणि गाळलेल्या पायऱ्या स्वतः भरून पाहिल्या. गाल्वाचे म्हणणे बरोबर आहे, असे त्यांनी १८४३ साली अकादमीत जाहीर केले. १८४६ साली त्यांनी हे लेखन आपल्या नियतकालिकात छापले. गाल्वाचे ते सारे गणित छापील साठ-पासष्ट पानांत मावले.

त्या थोड्या पानांतून गणिताची नवी दालने उघडली. १८७० साली झॉर्दां यांनी गाल्वाच्या विचारांवर मोठा ग्रंथ लिहिला. पुढे गटांचा अभ्यास आकड्यांच्या तक्त्यांच्या साहाय्याने होऊ लागला. त्यात एक अडचण होती. या अभ्यासात गटातील अदलाबदलींच्या संख्येने भागावे लागते. पण आपले ४८ तीन तासांच्या घड्याळावर मोजून पाहा. काटा शून्यावर येतो आणि शून्याने भागता येत नाही. अशा वेळी गटाचे तुकडे एकमेकांना चिकटलेले राहतात, ते सुटे करता येत नाहीत. ही अडचण ओलांडण्याचे मार्ग रिचर्ड ब्राउअर यांनी १९३० नंतरच्या काळात दाखवले. तुकडे कसे चिकटले आहेत हे मोजण्याचेही एक शास्त्र आहे. त्याच्या साहाय्याने डॅनियल क्विलन यांनी १९७२ साली याच रेषीय गटांविषयी महत्त्वाचे शोध प्रसिद्ध केले. या विषयातील काही प्रश्न आजही सुटलेले नाहीत.

आणि हे गणित केवळ पुस्तकात राहिले नाही. दुकानात पैसे देताना मोबाइलने टिपतात तो काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन, म्हणजे क्यूआर कोड, तुम्ही पाहिला असेल. त्याचा थोडा भाग मळला किंवा फाटला तरी तो वाचता येतो. कारण त्यातील माहिती २५६ आकड्यांच्या गाल्वा क्षेत्रात गणित करून भरलेली असते. पुसलेला भाग यंत्र त्या गणितानेच शोधून काढते.

मुलांनो, गाल्वाची बुद्धी असामान्य होती, पण राग आवरणे त्याला जमले नाही. एका भांडणापायी जगाने एक थोर गणिती गमावला. ज्या मोठ्या लोकांनी त्याचे कागद बाजूला ठेवले, त्यांच्यामुळे त्याचे काम जवळजवळ नाहीसे झाले होते. ते वाचले ते गृहपाठ जपणाऱ्या शिक्षकांमुळे, प्रती लिहिणाऱ्या भावामुळे आणि मित्रामुळे, आणि धीराने वाचणाऱ्या एका गणितज्ञामुळे. म्हणून तुम्हांला काही सुचले तर ते नीट, सर्व पायऱ्यांसह लिहून ठेवा. आणि दुसऱ्याने लिहिलेले लगेच समजले नाही, तरी ते बाजूला टाकू नका. पुन्हा एकदा वाचून पाहा.

शब्दार्थ
कैवारी – बाजू घेणारा
उत्तेजन – प्रोत्साहन
आघात – मोठा धक्का
प्रबंध – संशोधनपर दीर्घ लेख
पुरस्कर्ता – पाठिंबा देणारा
पटकी – कॉलरा
द्वंद्वयुद्ध – दोन माणसांनी ठरवून केलेली लढाई
समास – पानाच्या कडेची कोरी जागा

स्वाध्याय
१. गाल्वाचा प्रबंध अकादमीकडे तीन वेळा गेला. प्रत्येक वेळी त्याचे काय झाले ते लिहा.
२. प्वासाँ यांचा अभिप्राय तुम्हांला योग्य वाटतो का? कारणे द्या.
३. शव्हाल्ये आणि आल्फ्रेद यांनी गाल्वाच्या मृत्यूनंतर कोणते काम केले?
४. सात तासांच्या घड्याळावर ३ ला कोणत्या आकड्याने गुणले म्हणजे १ मिळेल, ते शोधा.
५. वाक्यांत उपयोग करा : झुंजत राहणे, बुडून जाणे, हात फिरवणे, समजूत घालणे.